ना-हरकत

१० मार्च २०२२ च्या रात्री मी आयुष्यात पहिल्यांदा कुणाची तरी हुर्यो उडवली. अमेरिकेतल्या बफेलोच्या हॉकी स्टेडियममध्ये, अगदी वरच्या मजल्यावरच्या स्वस्त खुर्च्यांपाशी, मुलाच्या शेजारी उभं राहून. खाली बर्फावर व्हेगासच्या पांढऱ्या जर्सीत जॅक आयकल होता. चार महिन्यांपूर्वीपर्यंत तो आमचा होता, आमच्या सेबर्सचा. पक, म्हणजे या हॉकीतली रबरी टिकली, त्याच्या स्टिकला लागला रे लागला की सगळीकडून तो घोगरा, लांबलचक आवाज उठायचा. छताच्या लोखंडी तुळयांना धडकून परत खाली यायचा. पहिल्या दोन-तीन वेळा मी नुसती बसून होते. मग कधीतरी उठले, खारट पॉपकॉर्नचे हात तोंडाशी धरले आणि पोटातून ओरडले. बरं वाटलं, हे कबूल करायला हवं. सगळ्यांबरोबर ओरडताना आपण या गावचे आहोत असं वाटतं, आणि परक्या देशात असं वाटण्याचे क्षण फार येत नाहीत. बाजूला पाहिलं तर माझा बारा वर्षांचा मुलगा गप्प बसला होता. जॅकेटच्या आत त्यानं सेबर्सची निळी जर्सी घातली होती, पाठीवर आयकलचं नाव आणि ९ आकडा असलेली. तो जॅकेटची चेन हळूहळू वर ओढत होता. हनुवटीपर्यंत.

त्या रात्री आम्ही ३-१ असे जिंकलो. शेवटचा गोल ॲलेक्स टकनं मारला. आयकलच्या बदल्यात आलेला, लहानपणापासून सेबर्सवर जीव टाकणारा, सिराक्यूजजवळचा मुलगा. लोक अनोळखी माणसांना मिठ्या मारत होते. सामना संपल्यावर आयकल पत्रकारांना म्हणाला की इथं एवढा आवाज मी कधीच ऐकला नव्हता, त्यासाठी सात वर्षं आणि मला निघून जावं लागलं. दुसऱ्या दिवशी त्यावरून गावात नवा संताप. पण मला ते नंतर कळलं. रात्री गाडीत, रस्त्याकडेला काळ्या पडलेल्या बर्फाचे ढीग मागे पडत असताना, मुलानं खिडकीबाहेर बघत विचारलं, "आई, तुला तर माहीत होतं ना?"

माहीत होतं. म्हणूनच ते अजून सलतं.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. पुण्यात शिकले, २०१४ च्या शरद ऋतूत नवऱ्याच्या नोकरीमुळे इथं आले, परीक्षा देऊन परवाना मिळवला आणि आता आठवड्याचे पाच दिवस लोकांच्या माना माझ्या हातात असतात. पेशंट पालथा झोपतो, मी बोटांच्या टोकांनी एकेक मणका चाचपत खाली येते. निरोगी मान बोटाखाली किंचित हलते, दाबलं की देते आणि सोडलं की परत येते. मणक्यांमधली चकती सरकून नसेवर आली असली की माणूस सांगायच्या आधीच कळतं, कारण त्या बाजूचा खांदा कानाकडे चढलेला असतो. बोटांना मुंग्या, हातातला कप सुटणं, रात्री उशी कशीही घेतली तरी झोप नाही. आणि ज्यांचं फ्यूजन झालेलं असतं, म्हणजे खराब चकती काढून दोन मणके एकमेकांना कायमचे जोडून टाकलेले असतात, त्यांच्या मानेत बोटाला एक जागा अशी लागते जिथं काहीच हलत नाही. वर हलतं, खाली हलतं, मधे दगड. त्यामुळे वरच्या आणि खालच्या चकतीवर जास्तीचा भार येतो. काहींना पाच-दहा वर्षांनी तिथंही कापावं लागतं. फ्यूजन वाईट असं मी म्हणणार नाही. हजारो लोक त्यानं वेदनेतून सुटले आहेत आणि वर्षानुवर्षांचा अनुभव त्याच्या पाठीशी आहे. पण ज्याला पंचविसाव्या वर्षी ताशी वीस-पंचवीस मैलांच्या वेगानं माणसांवर आदळायचं आहे, त्यानं कृत्रिम चकती मागितली तर ती का मागितली हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

७ मार्च २०२१ ला न्यू यॉर्क आयलंडर्सविरुद्धच्या सामन्यात आयकलच्या मानेतली चकती सरकली. आधी विश्रांती, व्यायाम, वाट पाहणं. त्यानं काही होईना तेव्हा त्यानं ज्यांना दाखवलं ते डॉक्टर म्हणाले, कृत्रिम चकती बसवू. संघाचे डॉक्टर म्हणाले, ही शस्त्रक्रिया एनएचएलच्या, म्हणजे इथल्या हॉकी लीगच्या, एकाही खेळाडूवर झालेली नाही, करायचं तर फ्यूजन करा. आणि खेळाडूंचा लीगशी जो सामूहिक करार आहे त्यात दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्यायची मुभा आहे, पण उपचार कोणता करायचा याचा शेवटचा शब्द संघाचा आहे. मान त्याची. सही संघाची.

त्या मे महिन्यात त्यानं सगळ्यांसमोर सांगितलं की माझ्यात आणि संघात आता जुळत नाही. त्याआधीच्या वर्षी तो म्हणाला होता की हरून हरून कंटाळलोय. ते खरं होतंच. सहा हंगामांत त्यानं तीन सरव्यवस्थापक आणि चार प्रशिक्षक पाहिले, प्लेऑफचा, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद फेरीचा, एकही सामना पाहिला नाही. दुखापत झाली त्याच हंगामात सेबर्स सलग १८ सामन्यांत एकदाही जिंकले नाहीत. करोनामुळे बहुतेक सामने रिकाम्या खुर्च्यांपुढे. टीव्हीवर पकचा टक् टक् असा कोरडा आवाज यायचा आणि मुलगा कार्पेटवर पालथा पडून एकेक पराभव वहीत मांडत जायचा.

मुलाचं आयकलवर प्रेम कसं जडलं हे सांगायला हवं, नाहीतर त्या चेनचं महत्त्व कळणार नाही. आम्ही इथं आलो त्या पहिल्याच हिवाळ्यात सेबर्स लीगमध्ये तळाला होते, आणि लोकांना ते तळालाच राहायला हवे होते. कारण त्या वर्षी शेवटून पहिला आलेल्याला कॉनर मॅकडेव्हिड नावाचं अजब पोर मिळण्याची सर्वांत जास्त शक्यता, आणि निदान दुसरा आयकल तरी नक्की. ॲरिझोनानं आपल्याच गावात येऊन जादा वेळेत गोल मारला तर आपलीच माणसं उभी राहून टाळ्या वाजवत होती. मला तेव्हा या खेळातलं काही कळत नव्हतं, तरी ते बघून पोटात ढवळलं. सोडतीत मॅकडेव्हिड एडमंटनला गेला, आम्हाला आयकल मिळाला. म्हणजे पोरगं अठरा वर्षांचं, बोस्टनजवळच्या छोट्या गावातून आलेलं, आणि आल्या दिवसापासून त्याच्या कपाळावर लिहिलेलं की हा तो दुसरा. पुढे त्याला आठ वर्षांचे आठ कोटी डॉलर्स मिळाले, कप्तानपद मिळालं. नोव्हेंबर २०१९ मध्ये ऑटावाविरुद्ध त्यानं एकट्यानं चार गोल मारले, त्या रात्री आम्ही तिथं होतो. तिसऱ्या गोलला लोक टोप्या बर्फावर फेकतात ही इथली रीत. माझ्या नऊ वर्षांच्या मुलानं त्याच्या आजीनं सांगलीहून विणून पाठवलेली मोरपंखी टोपी डोक्यावरून उपटली आणि फेकली. ती आमच्या मजल्यावरून बर्फापर्यंत पोचणं शक्यच नव्हतं, खालच्या खुर्च्यांत कुठंतरी पडली. परत मिळाली नाही. बाहेर उणे सहा तापमान, त्याचे कान लालबुंद, आणि तो गाडीपर्यंत आनंदानं उड्या मारत गेला.

तर त्या २०२१ च्या उन्हाळ्यात आमच्या घरात जेवताना एकच विषय. याला ट्रेड करावं की नाही? मुलगा म्हणायचा, करू नका, त्याला हवं ते ऑपरेशन करू द्या. नवरा म्हणायचा, पाच वर्षांचे पाच कोटी डॉलर्स अजून द्यायचेत, ऑपरेशन फसलं तर? आणि सरव्यवस्थापक केव्हिन ॲडम्सच्या जागी स्वतःला ठेवून पाहिलं की मलाही घाम फुटायचा. हा माणूस इथल्याच क्लॅरेन्समध्ये वाढलेला, आमच्या घरापासून वीस मिनिटांवर. दुखऱ्या मानेचा खेळाडू विकायला काढला तर समोरचा संघ पहिला प्रश्न मानेचाच विचारणार, आणि भाव पाडून मागणार. ऑपरेशन करू दिलं आणि तो बरा झाला तर भाव वाढेल, पण न झाला तर हातात काहीच नाही, आणि एका तरुण माणसाच्या मानेचं काही वेडंवाकडं झालं तर त्याचा दोष जन्मभर डोक्यावर. थांबावं तर २०२२ च्या जुलैपासून करारातलं नवं कलम लागू होणार, त्यानंतर त्याच्या परवानगीशिवाय त्याला कुठंच पाठवता येणार नाही. म्हणजे घड्याळही चालू. सप्टेंबरमध्ये तो वैद्यकीय तपासणीत नापास झाला, आणि त्याच दिवशी त्याचं कप्तानपद काढून घेतल्याचं जाहीर झालं.

बाबांशी रविवारी फोनवर बोलताना मी हे सांगितलं. त्यांना क्रिकेटही फारसं आवडायचं नाही, त्यांचा जीव कबड्डीवर. ट्रेड म्हणजे काय हे मी समजावलं. एक खेळाडू द्यायचा, बदल्यात दोन घ्यायचे, वर पुढच्या वर्षीच्या नव्या पोरांवरचा हक्क. पलीकडे बराच वेळ आवाज नाही. मला वाटलं फोन कटला.

"अदलाबदल," बाबा म्हणाले. "आनि त्या पोराला इचारलं का?"

"त्यालाच जायचंय, बाबा. पण कुठं जायचं ते त्याच्या हातात नाही."

"मग सोडा म्हणावं लवकर." आणि एकदम विषय बदलून त्यांनी पावसाचं काढलं, कृष्णेचं पाणी कुठवर आलंय ते सांगत बसले. तेव्हा मला त्यात काही वेगळं जाणवलं नाही. मग रात्री भांडी घासताना हात थांबले. बाबांना हा प्रश्न नवा नव्हता. त्यांच्यापुढे तो एकदा येऊन गेला होता.

मी पाचवीत असेन. बाबा शाळेत लिपिक होते आणि गावच्या कबड्डी मंडळाचे सचिव. मंडळाचं दप्तर आमच्या घरी, पत्र्याच्या ट्रंकेत. एक रजिस्टर, पावतीपुस्तकं, लाकडी मुठीचा रबरी शिक्का आणि जांभळ्या शाईचं पॅड. मंडळात एक चढाईपटू होता, आम्ही मुलं त्याला नुसतं दादा म्हणायचो. सडपातळ, लांब हातांचा. मध्यरेषेवर वाकून मातीला हात लावायचा, तो कपाळाला नेईपर्यंत समोरचे सात जण एक पाऊल मागे सरकलेले असायचे. त्याचं 'कबड्डी कबड्डी' जोरात नसायचं, गुणगुणल्यासारखं असायचं. रात्री गॅसबत्तीच्या उजेडात तो पाय मागे टाकून कोपऱ्यातल्या माणसाला हलकेच टिपून परत यायचा आणि पंचाची शिट्टी वाजल्यावर लोकांना कळायचं की गुण झाला. त्याच्या जोरावर मंडळानं तालुक्यातल्या ढाली आणल्या.

त्या वर्षी त्याचा गुडघा सुजला. त्याला मिरजेला जाऊन मोठ्या डॉक्टरला दाखवायचं होतं. मंडळातल्या वडीलधाऱ्यांचं म्हणणं, मिरजेला गेला की ते कापतात आणि कापलेला गुडघा मातीत टिकत नाही. आपला हाडवैद्य आहे, तेल आहे, पट्टी आहे. शेजारच्या खोलीत मी पाढे लिहीत होते आणि बाहेर ओसरीवर बैठक चालली होती. कुणीतरी म्हणालं, "दूध, अंडी, खुराक सगळा मंडळाचा. मग गुडघा एकट्याचा कसा?" कुणी काही बोललं नाही. बाबाही नाही. त्याच सुमारास मुंबईतल्या एका कंपनीनं दादाला त्यांच्या संघासाठी विचारलं. नोकरी, राहायला खोली, आणि गुडघ्याचा इलाज त्यांच्याकडून. त्यासाठी आमच्या मंडळाचं ना-हरकत पत्र हवं होतं. बाबांच्या सहीचं. दादा तीन संध्याकाळी आमच्या अंगणात येऊन उभा राहिला. आई त्याला बस म्हणायची, तो बसायचा नाही. पाय वाकवायला त्रास होत असणार हे मला आता कळतं, तेव्हा वाटायचं की तो रागावलाय. बाबा म्हणायचे, जिल्हा स्पर्धा होऊ दे, मग बघू. एवढा एक हंगाम.

जिल्हा स्पर्धेत तो खेळला. म्हणजे मैदानात उतरला. चढाईला गेला की बोनस रेषेच्या अलीकडेच फिरून परत यायचा, कुणाला शिवायला म्हणून हात पुढे करायचाच नाही. लोकांना वाटलं मुद्दाम करतोय. तिसऱ्या का चौथ्या चढाईला आमच्याच गावची माणसं ओरडायला लागली, शिव्या द्यायला लागली. मी बाबांच्या खांद्यावर बसले होते. बाबांच्या मानेच्या शिरा माझ्या मांड्यांना लागत होत्या, ताठ झालेल्या. आम्ही पहिल्याच फेरीत हरलो. तोवर मुंबईची जागा दुसऱ्या कुणाला गेली होती. दादा पुन्हा कधी खेळला नाही. पुढे त्यानं पिठाची गिरणी घातली. दळण घेऊन गेलं की तो एका पायावर भार देऊन उभा असायचा, पापण्यांवर पीठ.

बाबा त्यानंतर सचिव राहिले नाहीत. का सोडलं हे त्यांनी सांगितलं नाही, आणि आमच्या घरात विचारायची पद्धत नव्हती.

४ नोव्हेंबर २०२१ ला ट्रेड झाला. आयकल व्हेगासला, बदल्यात टक, पेटन क्रेब्झ आणि पहिल्या व दुसऱ्या फेरीतल्या निवडीचा हक्क. व्हेगासनं त्याला हवी ती शस्त्रक्रिया करू दिली, आठच दिवसांत, १२ नोव्हेंबरला. एनएचएलमधला तो पहिला. फेब्रुवारीत तो पुन्हा खेळायला लागला आणि मार्चमध्ये आमच्याकडे आला. म्हणजे मी जेव्हा उभी राहून ओरडत होते तेव्हा त्याच्या मानेतली ती नवी चकती चार महिन्यांची होती. तो एका खांद्याला पक लपवून, मान पूर्ण वळवून मागून येणाऱ्या माणसाकडे बघत होता. ती हालचाल मी सबंध सामनाभर पाहिली. माझ्या पेशंटपैकी कुणाला तेवढी मान वळवता आली असती तर मी त्या दिवशी घरी पेढे आणले असते.

मग मी का ओरडले?

याचं उत्तर शोधताना मला हे गाव जास्त कळलं. १९५० साली बफेलोत पाच लाख ऐंशी हजार माणसं राहायची, आता तीन लाखही नाहीत. शेजारच्या लॅकवानाच्या पोलाद कारखान्याची भट्टी १९८३ मध्ये थंड झाली, त्यावर जगणाऱ्या घरांतली पोरं शार्लटला, ॲटलांटाला, फ्लॉरिडाला गेली. माझ्याकडे येणाऱ्या म्हाताऱ्या पेशंटांना मी मुलं कुठं असतात विचारते, तेव्हा उत्तरात एका दूरच्या गावाचं नाव येतं. तेच हॉकीत. डॉमिनिक हाशेक, या गावानं डोक्यावर घेतलेला गोलरक्षक, २००१ मध्ये डेट्रॉइटला गेला आणि पुढच्याच वर्षी स्टॅनले कप, म्हणजे लीगचं विजेतेपद, जिंकला. रायन ओ'राइली हरून हरून खेळावरचं प्रेमच आटत चाललंय असं प्रामाणिकपणे बोलला, २०१८ मध्ये त्याला सेंट लुईसला पाठवलं, २०१९ मध्ये त्यानं कप उचलला. इथं माणूस दुःखी असतो, इथून जातो आणि तिथं जिंकतो. हे इतक्या वेळा झालंय की जाणाऱ्याचा राग हा इथं वारसाच झालाय. बर्फासारखा. मी आठ वर्षांत तो वारसा कधी घेतला ते मलाही कळलं नाही.

पण मी स्वतः कोण? कृष्णाकाठ सोडून आलेली. माझ्या आईबाबांनाही शेजारीपाजारी विचारतात की मुलगी कुठं असते, आणि तेही दूरच्या गावाचं नाव सांगतात. मी परदेशी जायचं ठरवलं तेव्हा पासपोर्टच्या कागदांपासून बँकेच्या फॉर्मपर्यंत जिथं जिथं बाबांची सही लागली तिथं त्यांनी चष्मा शोधायलाही वेळ लावला नाही. मांडीवर पुस्तक, त्यावर कागद, लगेच सही. आईला रडू येत होतं. ते म्हणाले, "अडवायचं नसतं."

त्या सामन्याच्या दुसऱ्या दिवशी माझा घसा बसला होता. सकाळी पहिलाच पेशंट एक निवृत्त ट्रकचालक, सेबर्सचा चाळीस वर्षांचा भक्त, ऑक्टोबरपासून माझ्याकडे येणारा. मानेत दोन ठिकाणी फ्यूजन. कुणी हाक मारली तर तो आधी खांदे, मग कंबर, मग पावलं असा सगळाच्या सगळा वळतो. निवृत्ती त्यामुळेच घ्यावी लागली, ट्रक मागे घेता येईना. माझा घोगरा आवाज ऐकून त्याचा चेहरा उजळला. "तू काल होतीस तिथं!" असं म्हणून त्यानं माझा हात दोन्ही हातांत घेऊन हलवला. आयकलवर त्याचा फार राग. वर्षाला एक कोटी डॉलर्स घेतो, डॉक्टर सांगतील ते करायला काय झालं, आम्ही नाही केलं? मी त्याला पालथं झोपवलं, बोटं मानेवर ठेवली आणि नेहमीसारखी खाली येत गेले. हलतं, हलतं, दगड. मी विचारलं, तुम्हाला तेव्हा दुसरा काही पर्याय सांगितला होता का? टेबलच्या भोकातून त्याचा आवाज आला, खाली जमिनीकडे बोलल्यासारखा. नाही. मग थोड्या वेळानं, कुणी विचारलं नाही. आम्ही दोघंही त्यानंतर काही बोललो नाही. मी गरम शेक लावला आणि वीस मिनिटांचा गजर लावून बाहेर आले.

जून २०२३ मध्ये व्हेगासनं फ्लॉरिडाला ९-३ असं हरवून कप जिंकला. त्या प्लेऑफमध्ये सर्वांत जास्त गुण आयकलचे होते, २६. कप हातात आला तेव्हा त्यानं तो डोक्यावर उचलला, मान मागे टाकून वर बघितलं. मी त्याच्या चेहऱ्याकडे बघायचं सोडून त्या मानेकडेच बघत राहिले. मुलगा, आता तेरा वर्षांचा, माझ्याएवढा उंच झालेला, काही न बोलता उठून वर गेला. परत आला तेव्हा त्याच्या अंगात ती निळी जर्सी होती. पोटावर तोकडी, खांद्यात घट्ट. तसाच शेजारी येऊन बसला. मी त्याला तेव्हा सांगितलं की त्या रात्री मी चुकले. तो म्हणाला, "ठीक आहे, आई," आणि पाय माझ्या मांडीवर टाकले.

सेबर्सचं काय झालं? ते पुढेही हरत राहिले. २०११ नंतर २०२५ पर्यंत सलग १४ हंगाम प्लेऑफ नाही, लीगच्या इतिहासात एवढं कुणाचंच झालेलं नाही. टक मात्र इथं मनापासून खेळला. त्या दिलेल्या-घेतलेल्याचा हिशोब लोक अजून मांडतात, आणि ॲडम्सनं केलं ते बरोबर की चूक यावर आमच्या घरातही एकमत नाही. मला विचाराल तर ट्रेड योग्य होता, फक्त सहा महिने उशिरा. एका माणसाला दुखरी मान घेऊन पूर्ण उन्हाळा ताटकळत ठेवलं. मंडळाच्या जिल्हा स्पर्धेइतकाच तो हंगाम फुकट गेला.

२०२४ च्या पावसाळ्यात बाबा गेले. मी पोचले तेव्हा सगळं उरकलं होतं. दिवस झाल्यावर आईनं ट्रंक उघडली, म्हणाली, यातलं काय ठेवायचं ते बघ. वर मंडळाचं रजिस्टर, वाळवीनं कडा खाल्लेलं. शिक्का, वाळून तडकलेलं पॅड. आणि रजिस्टरच्या मागच्या पुठ्ठ्यात घडी घातलेला एक कागद. शाळेच्या टाइपरायटरवर टाइप केलेला. 'ळ' थोडा वर चढलेला, तो आमच्या शाळेच्या मशीनचा ओळखायचा. सदर खेळाडूस अन्य संघाकडून खेळण्यास आमच्या मंडळाची कोणतीही हरकत नाही. खाली जांभळा शिक्का, नीट, सरळ मारलेला. शिक्क्याच्या वर सचिव असं लिहिलेलं, आणि त्याच्या वर सहीची जागा कोरी.

तारीख जिल्हा स्पर्धेच्या आठ दिवस आधीची होती.

मी तो कागद घेऊन गिरणीवर गेले. का, ते तेव्हा नीट ठरवलं नव्हतं. पट्टा बंद होता, दुपारची वेळ, आत गव्हाचा गरम वास. दादानं स्टूल पुढे केलं, स्वतः उभाच राहिला. कागद त्यानं दारातल्या उजेडात नेऊन वाचला, दोनदा. अंगठ्यानं शिक्क्यावरचं पीठ पुसलं, म्हणजे त्याच्याच अंगठ्याचं पीठ लागलं होतं ते.

"शिक्का तर मारलाता व्हय सरांनी," तो म्हणाला.

मी हो म्हटलं. त्यानं घडी होती तशीच घातली आणि खिशात ठेवला. मग माझ्या मुलाची चौकशी केली, तो काय खेळतो विचारलं. मी बर्फावरच्या हॉकीचं सांगत सुटले, त्यातून आयकलचं आलं, त्याची मान, संघ, ते पूर्ण वर्ष. मी हुर्यो उडवली तेही सांगितलं. तो ऐकत होता, हात गिरणीच्या गार पडलेल्या पेटीवर. माझं झाल्यावर त्यानं एवढंच विचारलं.

"मग आता वळती का मान त्याची?"

"वळते," मी म्हटलं. "दोन्हीकडं वळते."